चांदी कुणाची होती? एका कादंबरीनं दिलेला सल्ला आणि तिचं दुसरं वाचन

हे प्रकरण आमच्या वाचनगटातलं आहे. गट लहान, आठ-दहा जणांचा. आम्ही कथा-कादंबऱ्या वाचतो, पण पोथी वाचावी तशा सावकाश. एक उतारा घ्यायचा, कुणीतरी तो मोठ्यानं वाचायचा, थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग तोच उतारा दुसऱ्याच्या आवाजात पुन्हा ऐकायचा. कोण देव मानतं, कोण मानत नाही, हे कुणी विचारत नाही. येणारा प्रत्येक जण मनात काहीतरी अडलेलं घेऊन येतो, एवढं मात्र मी खात्रीनं सांगू शकते.

ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांनी हा मजकूर वाचून होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. गटात सगळे त्यांना ताई म्हणत, इथंही तेच म्हणते.

ताई पन्नाशीच्या पुढच्या. आईची शेवटची दोन वर्षं अंथरुणात गेली. ताईंची नोकरी दुसऱ्या शहरात, त्यामुळं आई धाकट्या भावाकडं होती आणि तिच्या खात्याचे व्यवहारही तोच बघायचा. आई गेल्यावर पासबुक चाळताना ताईंना दिसलं की ठेव मुदतीआधी मोडली आहे आणि पैसे थोडे थोडे करून भावाच्या बुडत्या धंद्यात गेले आहेत. त्याच महिन्यांत ‘आता परवडत नाही’ म्हणून आईजवळ रात्री थांबणारी मदतनीस बंद केली होती. तिचा दोन महिन्यांचा पगारही राहिला होता. त्या काळात आई फोनवर एकदा म्हणाली होती, “रात्र मोठी असते गं.” ताईंना वाटलं, म्हातारपणी झोप कमी होते, त्याबद्दल बोलते आहे.

भावानं काही लपवलं नाही. विचारल्याबरोबर रडला. “ताई, चुकलं माझं. मला माफ कर.” ताईंच्या तोंडून हो निघेना आणि नाहीही निघेना. सहा महिने असेच गेले.

त्या सुमारास आम्ही व्हिक्टर ह्यूगोची १८६२ साली आलेली ‘ले मिझराब्ल’ ही फ्रेंच कादंबरी वाचत होतो. बिशपच्या चांदीचा प्रसंग अनेकांना ऐकून माहीत असतो, तरी इथं तो नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातल्या बारकाव्यांवर उभं आहे. ज्याँ वालज्याँ एकोणीस वर्षांची शिक्षा भोगून सुटलेला. त्यातली पाच वर्षं पाव चोरल्याबद्दल, बाकीची पळून जाण्याच्या प्रयत्नांबद्दल. कुणी त्याला आसरा देत नाही. बिशप मिरिएल देतो, चांदीच्या काट्याचमच्यांसह ताट मांडून. रात्री वालज्याँ ती चांदी उचलून पळतो. सकाळी शिपाई त्याला पकडून आणतात, तेव्हा बिशप सांगतो की चांदी मीच दिली होती. वर म्हणतो की मेणबत्त्यांचे दोन्ही चांदीचे दिवेही तुझेच होते, ते का नाही नेलेस?

ताईंनी तो उतारा वाचला आणि पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. डोळे भरले होते. “मला उत्तर मिळालं,” म्हणाल्या. गट हेलावला. मीही हेलावले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या क्षणी मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: बिशपनं नेमकं काय केलं, ते तुमच्या शब्दांत सांगता का? मी तो विचारला नाही. कथेचा स्पर्श झालेल्या माणसाला लगेच टोकू नये, असं मला वाटत होतं. या प्रकरणातली ती माझी चूक, आणि मी ती चूकच मानते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी भावाला फोन केला. “ते पैसे मी तुला दिले असं समज. आता हा विषय पुन्हा नको.” बोलणं अगदी बिशपच्या वळणाचं होतं. भाऊ ढसाढसा रडला. ताईंना आठवडाभर पिसासारखं हलकं वाटलं.

मग झोप उडाली. रात्री दोनला जाग यायची आणि आईचं ते वाक्य कानात घुमायचं. भावानं धंद्याची नवी पाटी लावली, तिचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, “ताईच्या आशीर्वादानं.” ताईंनी फोन उपडा ठेवला तो संध्याकाळपर्यंत उचललाच नाही. दोन महिन्यांनी त्या गटात आल्या. पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, “या बिशपनं मला फसवलं.”

हे वाक्य मी गंभीरपणे घेतलं आणि वाचणाऱ्यांनीही घ्यावं असं मला वाटतं. कथेतून मार्ग शोधणाऱ्या माणसाला ठेच लागते ती बहुधा इथंच. पात्राची कृती तो आज्ञा म्हणून उचलतो. धर्मग्रंथाच्या बाबतीत असं करणाऱ्याला चार लोक थांबवतात, संदर्भ बघ म्हणतात, टीका-भाष्य दाखवतात. कादंबरीच्या बाबतीत कुणी थांबवत नाही. कथा मनात सरळ शिरते आणि तिच्याबरोबर एक चुकीचा हुकूमही आत जातो.

वास्तविक गोष्टी सांगण्याच्या जुन्या परंपरा आज्ञा देत नाहीत, त्या पेचात पकडतात. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’तला वेताळ राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, सांग, यात दोष कुणाचा? उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. राजा उत्तर देत जातो आणि वेताळ दर वेळी झाडावर परत जातो. शेवटच्या कोड्याला मात्र राजाकडं उत्तर नसतं. तो मुकाट्यानं चालत राहतो आणि तिथं वेताळ प्रसन्न होतो. मला या रचनेत मोठं शहाणपण दिसतं. गोष्टीनं विचारलेल्या प्रश्नाचं ओझं खांद्यावर घेऊन काही अंतर चालावंच लागतं.

ताईंच्या बाबतीत ते चालणंच राहून गेलं होतं. म्हणून ठरवलं की तोच प्रसंग पुन्हा वाचायचा, तीन बैठकांत.

यासाठी आम्ही दोन जुन्या पद्धतींचा आधार घेतला. पहिली बाराव्या शतकातल्या दुसरा गिगो या कार्थुसियन, म्हणजे एका ख्रिस्ती मठवासी पंथातल्या साधूची. त्यानं पवित्र वाचनाच्या शिडीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. ताई पहिल्या पायरीवरून थेट कृतीवर उडी मारून गेल्या होत्या, आणि कृती तर त्या शिडीवर नाहीच. दुसरी पद्धत इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश ख्रिस्ती संताच्या आयुष्यातली. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडल्यापडल्या त्यानं शूर सरदारांच्या प्रेमकथा वाचायला मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र हाती आलं. तो दोन्ही तऱ्हेची दिवास्वप्नं बघे. सरदारी पराक्रमाची स्वप्नं रंगात असेपर्यंत गोड लागत आणि ओसरली की मन कोरडं पडे. संतांच्या वाटेनं जाण्याची स्वप्नं सरल्यावरही समाधान उरे. या उरलेल्या चवीवरून पारख करायला तो शिकला.

म्हणून मी ताईंना एवढंच सांगितलं की उतारा सावकाश वाचा, आणि कुठं घास अडतो तिथं थांबा.

त्या थांबल्या ती जागा मला अपेक्षित नव्हती. चोरी उघडकीला येते त्या सकाळी घरकाम बघणारी मादाम मॅग्लुआर बिशपला विचारते, आता तुम्ही जेवणार कशानं? ती स्पष्ट म्हणते की हे मी माझ्यासाठी विचारत नाही, तुमच्यासाठी विचारते. बिशप म्हणतो, कथलाचे काटेचमचे आहेत की. ती म्हणते, कथलाला वास येतो. मग लोखंडाचे? लोखंडाची चव लागते, असं म्हणून ती तोंड वेडंवाकडं करते. बरं, मग लाकडाचे, असं म्हणून बिशप विषय संपवतो.

एरवी हा तुकडा वाचताना लोक हसतात. ताईंचा आवाज इथं बसला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “मी बिशप नाहीये हो. मी ही आहे.”

ज्या माणसाची काळजी वाहायची त्याच्या ताटातलं गेलं म्हणून जीव तुटणारी बाई. आणि पुढं बिशप चांदीचे दिवेही देऊन टाकतो तेव्हा ह्यूगो नोंदवतो की घरातल्या दोघी स्त्रिया, बिशपची बहीण आणि मॅग्लुआर, एक शब्दही न बोलता, कसलाही इशारा न करता बघत राहिल्या. ताईंनी ते वाक्य तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात त्या दोघी त्यांना दिसल्याच नव्हत्या. दिव्याकडं बघणाऱ्याला खोलीतली माणसं दिसत नाहीत, तसंच झालं होतं.

त्यातून पुढचा प्रश्न निघाला: क्षमा करायचा हक्क कुणाचा? ताई म्हणाल्या, “बिशपनं स्वतःची चांदी दिली. मी आईचे पैसे दिले. आईला न विचारता. भावानंही तेच केलं होतं, तिला न विचारता.” हे बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आपण भावाचीच चूक वेगळ्या हातानं पुन्हा केली, हे त्यांना त्या घटकेला उमगलं.

इथं आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आक्षेप घेतला आणि तो फार मोलाचा ठरला. ते म्हणाले, थांबा, बिशप ती चांदी स्वतःची मानतच नाही. मॅग्लुआरला तो म्हणतो की ही चांदी मी इतके दिवस अयोग्यपणे जवळ ठेवली, ती गरिबांची होती, आणि तो माणूस गरीबच होता. म्हणजे बिशपच्या हिशेबात वस्तू ज्यांची होती त्यांच्याकडं गेली. हा हिशेब तुमच्या प्रकरणाला लावून बघा. ते पैसे कुणाचे होते?

ताईंनी बोटं मोजल्यासारखं केलं. आईच्या रात्रींचे. आणि त्या मदतनीस बाईच्या दोन महिन्यांचे.

मला ही जागा सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. कथेतलं तत्त्व तेच राहिलं, फक्त त्यानं बोट दुसरीकडं दाखवलं. बिशपसारखं वागायचं म्हणजे बिशपचे शब्द उच्चारायचे नव्हेत. जे ज्याचं देणं आहे ते त्याच्याकडं गेलं का, हे त्याच्यासारखं बघायचं. पहिल्या वाचनात ताईंनी त्याची नक्कल केली होती. आता कुठं त्या त्याच्या नजरेनं बघू लागल्या.

तिसऱ्या बैठकीत आम्ही त्याच्या पुढचा भाग वाचला. गोष्ट तोंडी सांगताना लोक तो बहुतेक वेळा गाळतात. बिशप वालज्याँला सोडताना सांगतो की ही चांदी प्रामाणिक माणूस होण्यासाठी वापरीन असं तू मला वचन दिलं आहेस, ते विसरू नकोस. वालज्याँला असं काही वचन दिल्याचं आठवत नाही. म्हणजे ती क्षमा कोऱ्या कागदावरची नव्हती, तिच्यात मागणं होतं. आणि तरीही त्याच दिवशी, दिवे थैलीत असताना, वालज्याँ पुन्हा चोरी करतो. पेती जर्वे नावाच्या दहाएक वर्षांच्या पोराचं चाळीस सूचं (सू हे जुनं फ्रेंच चलन) नाणं घरंगळत येतं आणि तो त्यावर पाय ठेवतो. पोरगं रडतं, गयावया करतं आणि शेवटी घाबरून पळून जातं. तो गेल्यावर कितीतरी वेळानं वालज्याँला भान येतं. तो माळावर त्याचं नाव ओरडत धावतो. पोरगं सापडत नाही. मग तो मटकन बसतो आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रडतो.

बिशपच्या उदारपणानं त्याला खिंडार पाडलं, पण तो बदलला त्या पोराच्या नाण्यापाशी, स्वतःचा पाय स्वतःला दिसला तेव्हा. पुढं मोठा माणूस झाल्यावर, नगराध्यक्ष असताना, गावातून असं कुणी फिरस्तं पोरगं गेलं की तो त्याला बोलावून घेतो, नाव विचारतो आणि पैसे देतो.

ताई म्हणाल्या, “मी माझ्या भावाला ते नाणं बघूच दिलं नाही. झाकून टाकलं.”

त्या रात्री त्यांना झोप लागली. त्यावरून मी सिद्धांत मांडत नाही, पण इग्नेशियसची चवीची कसोटी मला आठवली. पहिल्या वेळी आठवडाभर गोड आणि मग कोरड. या वेळी आधी कडू, आणि मग काहीतरी टिकणारं.

यातून ‘कादंबऱ्या माणसाला चांगलं करतात’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमॅन्युएले कास्तानो यांचे प्रयोग छापून आले होते. साहित्यिक कथेचा लहानसा उतारा वाचल्यावर दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता वाढते, असं त्यांना आढळलं. त्याचा खूप गाजावाजा झाला. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अधिक लोकांवर तसाच प्रयोग केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. माझा अनुभवही याच्याशी जुळतो. ताईंनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कथा तीच होती, वाचणारी तीच होती, आणि परिणाम उलटा झाला. फरक पडला तो परत जाण्यानं, थांबण्यानं आणि आक्षेप घेणारं कुणीतरी शेजारी असण्यानं. ते शिक्षक त्या दिवशी आले नसते तर ‘पैसे आईचे होते, म्हणून क्षमा नाही’ इतक्यावरच आम्ही थांबलो असतो, आणि तेही अर्धंच झालं असतं.

याला आध्यात्मिक का म्हणावं, असं एका तरुणानं गटात विचारलं होतं. इथं देव नाही, प्रार्थना नाही, हिशेब आहे फक्त. मी त्याला सांगितलं की स्वतःच्या चांगुलपणाच्या कौतुकातून बाहेर पडून दुसऱ्या माणसाची रात्र किती मोठी होती हे बघता येणं, याहून मोठी साधना मला माहीत नाही. ताई देव मानतात. त्यांचं म्हणणं असं की गिगोच्या शिडीवरची तिसरी पायरी त्यांना मॅग्लुआरच्या वाक्यापाशी सापडली, कारण तिथं त्या आईशी बोलल्या.

पुढं काय घडलं ते थोडक्यात. ताईंनी भावाला घरी बोलावलं. “मी पैसे दिले म्हणाले, ते खरं नव्हतं. ते माझे नव्हतेच.” तो चिडला. “म्हणजे माफ केलंच नव्हतंस? मग तेव्हा बोललीस कशाला?” त्याचा राग रास्त होता, असं ताई म्हणतात. दिलेली क्षमा काढून घेणं हे मुळात न देण्यापेक्षा क्रूर असतं. त्यांनी त्याची माफी मागितली. तरी तो उठून गेला आणि सहा-सात आठवडे त्याचा फोन आला नाही.

मग एक दिवस आपणहून आला आणि विचारलं, “ताई, तू सांग काय करू.” ताईंनी सल्ला दिला नाही. चाळीस सूच्या नाण्याची गोष्ट सांगितली, माळावर नाव ओरडत धावण्यापर्यंत. भाऊ ऐकत होता. गोष्ट संपल्यावर त्यानं विचारलं, “आणि ते पोरगं पुढं सापडलं का?”

“नाही. कधीच नाही.”

तो बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, “ती रात्रीची बाई सापडेल.”

ती सापडली. आधीचा नंबर बंद होता, ती नंतर जिथं काम करत होती तिथून पत्ता लागला. दोन महिन्यांचा पगार भावानं स्वतः नेऊन दिला. आईच्या ठेवीतली बाकी रक्कम तो ताईंबरोबर ठरवून दरमहा बाजूला काढतो. रात्री कुणी नसलेल्या रुग्णांसाठी ती वापरायची असं दोघांनी ठरवलं आहे, कशी ते अजून ठरलेलं नाही. ताईंनी ‘माफ केलं’ असं अद्याप म्हटलेलं नाही, आणि भावानंही पुन्हा विचारलेलं नाही. दोघं आठवड्यातून एकदा बोलतात.

त्या बाईकडून परतताना भावानं रस्त्यातूनच ताईंना फोन केला होता. तिनं पैसे मोजले, बाजूला ठेवले आणि विचारलं की मी गेल्यावर आजींजवळ रात्री कोण असायचं.

“मी सांगितलं तिला, ताई. कुणी नव्हतं.”